बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षी जीवशास्त्राचा कोणता विषय घ्यावा? विद्यार्थी आणि पालकांसाठी माहिती

पहिल्या वर्षाचा निकाल लागतो आणि कॉलेजच्या नोटीस बोर्डावर विषय निवडीची सूचना लागते. फॉर्म भरायला मुदत थोडी असते. मुलं मैत्रिणींना, मित्रांना विचारतात, "तू काय घेतलंस?" आणि तेच लिहून मोकळी होतात. घरी विचारलं तर अब्बा म्हणतात, "ज्याला स्कोप आहे ते घे." पण स्कोप कशाला म्हणायचं, हे कुणी सांगत नाही.

आपल्याकडे जीवशास्त्राच्या वर्गातली बरीच मुलं-मुली नीटची परीक्षा देऊन आलेली असतात. एमबीबीएसला नंबर लागला नाही म्हणून बी.एस्सी.ला प्रवेश घेतला, असं अनेक घरांत झालेलं असतं. त्यामुळे पहिलं वर्ष "बघू पुढे" असं म्हणतच निघून जातं. दुसऱ्या वर्षी मात्र "बघू" म्हणून चालत नाही. जो विषय निवडाल तो गुणपत्रिकेवर कायमचा छापला जातो.

या निवडीबद्दल एक गोष्ट सुरुवातीलाच लक्षात घ्या. पुढच्या शिक्षणाचे आणि संशोधनाचे दरवाजे आपण समजतो त्यापेक्षा जास्त मोकळे असतात. बॉटनीचा विद्यार्थी पुढे जनुकशास्त्रात जाऊ शकतो, झूलॉजीची विद्यार्थिनी कॅन्सरवर संशोधन करू शकते. सरकारी नोकरीचे दरवाजे मात्र आपण समजतो त्यापेक्षा जास्त काटेकोर असतात. तिथे जाहिरातीत विषयांची नावं लिहिलेली असतात. नाव जुळलं तर अर्ज स्वीकारतात, नाही जुळलं तर नव्वद टक्के असले तरी अर्ज बाद होतो. म्हणून विषय निवडताना "कोणता विषय मोठा" यापेक्षा "ही पदवी मी पुढे कुठे दाखवणार आहे" हा प्रश्न आधी विचारायला हवा.

दुसऱ्या वर्षी नेमकं काय ठरतं?

नवीन शैक्षणिक धोरणानंतर पदवीची रचना बदलली आहे. आता एक मुख्य विषय असतो, त्याला मेजर म्हणतात. त्याच्या जोडीला एक दुय्यम विषय असतो, तो मायनर. काही विद्यापीठांत पहिल्या वर्षी तीन विषय सारखेच शिकवतात आणि दुसऱ्या वर्षी त्यातला एक मेजर, एक मायनर होतो आणि तिसरा सुटतो. काही ठिकाणी मेजर पहिल्याच वर्षी ठरतो आणि दुसऱ्या वर्षी मायनर आणि इतर विषय निवडायचे असतात. आपल्या कॉलेजात कोणती पद्धत आहे, हे ऑफिसमध्ये किंवा विभागप्रमुखांकडे जाऊन विचारा. सीनियर मुलांनी जुन्या पद्धतीत शिक्षण घेतलं असेल तर त्यांची माहिती तुम्हाला लागू होईलच असं नाही.

दोन वर्षं पूर्ण करून थांबलं तर डिप्लोमा, तीन वर्षांनी पदवी आणि चार वर्षांनी ऑनर्सची पदवी, अशी सोय नव्या रचनेत आहे. चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्स करायचं असेल तर विद्यापीठ अनुदान आयोगाच्या आराखड्यानुसार पहिल्या सहा सेमिस्टरमध्ये ७५ टक्के गुण लागतात. म्हणजे दुसऱ्या वर्षाचे गुणही त्यात मोजले जातात. ज्या विषयात मन लागत नाही तो "स्कोप"साठी घेतला आणि गुण घसरले, तर हा रस्ता तिथेच बंद होतो.

आणखी एक गोष्ट. बायोटेक्नॉलॉजी ही बहुतेक कॉलेजांत पहिल्या वर्षापासूनची वेगळी पदवी असते. साध्या बी.एस्सी.तून दुसऱ्या वर्षी तिकडे उडी मारता येईल असं गृहीत धरू नका.

विषयांची खरी ओळख

वनस्पतिशास्त्र, म्हणजे बॉटनी. हा विषय म्हणजे फक्त पानाफुलांची चित्रं काढणं, असा समज आहे. पण त्यात वनस्पतींची रचना, त्यांचे रोग, बियाणं, ऊतिसंवर्धन म्हणजे टिश्यू कल्चर, जनुकशास्त्र आणि औषधी वनस्पती असं सगळं येतं. महाराष्ट्रात त्याला आधारही आहे. जळगावकडे केळीची टिश्यू कल्चर रोपं मोठ्या प्रमाणावर तयार होतात. जालना हे बियाणं उद्योगाचं गाव आहे. महिको कंपनी तिथे १९६४ साली सुरू झाली. भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पश्चिम विभागाचं केंद्र पुण्यात आहे. युनानी आणि आयुर्वेदिक औषधांच्या कारखान्यांत कच्चा माल खरा की भेसळीचा, हे ओळखायला वनस्पती जाणणारा माणूस लागतो. मात्र कृषी अधिकाऱ्याची नोकरी डोक्यात असेल तर बॉटनीचा उपयोग होत नाही. त्या पदांसाठी कृषी शाखेची पदवी मागतात.

प्राणिशास्त्र, म्हणजे झूलॉजी. माणसाच्या शरीराशी जवळचा म्हणून नीट दिलेल्या मुलांना हा विषय ओळखीचा वाटतो. शरीरक्रियाशास्त्र, भ्रूणशास्त्र, कीटक, परजीवी, मत्स्यशास्त्र आणि वन्यजीव असे त्याचे भाग आहेत. प्राणी कापावे लागतील या भीतीने काही मुली हा विषय टाळतात. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१४ साली पदवी आणि पदव्युत्तर वर्गांतलं विच्छेदन बंद करायला सांगितलं. तेव्हा फक्त त्या भीतीपोटी झूलॉजी सोडण्याची गरज नाही. कोकणातल्या मच्छीमार आणि मासळी व्यापाऱ्यांच्या घरांतल्या मुलांना मत्स्यशास्त्र आवडतं. त्यांनी एक फरक समजून घ्यावा. रत्नागिरीच्या मत्स्य महाविद्यालयात जी बी.एफ.एस्सी. होते ती वेगळी पदवी आहे. एम.एफ.एस्सी.च्या जागा सहसा बी.एफ.एस्सी. झालेल्यांसाठी असतात. झूलॉजी करून मत्स्यशास्त्रात जायचं तर एम.एस्सी. झूलॉजीत तो विशेष विषय घेण्याचा मार्ग आहे.

सूक्ष्मजीवशास्त्र, म्हणजे मायक्रोबायोलॉजी. जीवाणू, विषाणू, बुरशी, लस, अन्न आणि पाणी तपासणी. पदवीनंतर लगेच कारखान्यात काम मिळण्याची शक्यता जीवशास्त्राच्या विषयांत इथे जास्त असते. औषध कंपन्यांमध्ये इंजेक्शन निर्जंतुक आहे का, पाणी शुद्ध आहे का, खोलीतल्या हवेत जंतू किती आहेत, हे रोज तपासावं लागतं. पुणे, तारापूर, औरंगाबादचं वाळूज आणि चिकलठाणा, गोवा अशा औषध उद्योगाच्या पट्ट्यांत अशी कामं असतात. नोकरीच्या जाहिरातीत कधी "एफडीए अप्रूव्ह्ड मायक्रोबायोलॉजिस्ट पाहिजे" असं लिहिलेलं दिसतं. म्हणजे अनुभव घेतल्यावर अन्न व औषध प्रशासनाने तपासणीच्या कामासाठी मान्यता दिलेली व्यक्ती. अशी मान्यता मिळाली की पगारात फरक पडतो. पण काही कारखान्यांत शिफ्ट असतात, रात्रपाळीही असते. हे घरात आधी बोलून घेतलेलं बरं.

जीवरसायनशास्त्र, म्हणजे बायोकेमिस्ट्री. ज्यांना केमिस्ट्री जमते आणि जीवशास्त्रही आवडतं त्यांच्यासाठी हा चांगला विषय आहे. प्रथिनं, एन्झाइम, चयापचय हा त्याचा गाभा. हॉस्पिटलच्या लॅबमध्ये साखर, कोलेस्टेरॉल, लिव्हर-किडनीच्या ज्या तपासण्या होतात, त्यांच्यामागचं शास्त्र हेच. केमिस्ट्रीला घाबरून जीवशास्त्राकडे आलेल्या मुलाने हा विषय नावावर भाळून घेऊ नये.

जैवतंत्रज्ञान, म्हणजे बायोटेक्नॉलॉजी. नाव आधुनिक आहे आणि प्रयोगशाळेतली तंत्रंही. पण नुसत्या बी.एस्सी. बायोटेकवर चांगली नोकरी मिळणं कठीण जातं. या क्षेत्रात एम.एस्सी. किंवा पीएच.डी. लागते. शिवाय अनेक कॉलेजांत हा कोर्स विनाअनुदानित असतो आणि फी बॉटनी-झूलॉजीच्या मानाने बरीच जास्त असते. पुढे पाच-सात वर्षं शिकायची तयारी असेल तर हा विषय उत्तम आहे. तीन वर्षांत घराला हातभार लावायचा असेल तर दोनदा विचार करा.

सरकारी जाहिरातीतली पात्रतेची ओळ

आता काटेकोर दरवाजांकडे येऊ. खालच्या अटी वाचल्या की विषयाच्या नावाने केवढा फरक पडतो ते कळेल.

अन्न सुरक्षा अधिकारी. हॉटेल, बेकरी, मिठाईचं दुकान, दूध डेअरी यांची तपासणी करणारं हे पद आहे. अन्न सुरक्षेच्या २०११ च्या केंद्रीय नियमांत अन्न तंत्रज्ञान, दुग्ध तंत्रज्ञान, जैवतंत्रज्ञान, तेल तंत्रज्ञान, कृषी, पशुवैद्यक, जीवरसायनशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र किंवा वैद्यक यांतली पदवी, किंवा रसायनशास्त्राची एम.एस्सी. अशी यादी आहे. या यादीत बॉटनी नाही, झूलॉजीही नाही.

भारतीय वन सेवा. इथे चित्र उलटं आहे. पदवीला पशुसंवर्धन व पशुवैद्यक, वनस्पतिशास्त्र, रसायनशास्त्र, भूगर्भशास्त्र, गणित, भौतिकशास्त्र, संख्याशास्त्र, प्राणिशास्त्र यांपैकी एक तरी विषय असावा किंवा कृषी, वनशास्त्र, अभियांत्रिकी यांतली पदवी असावी, अशी अट आहे. मायक्रोबायोलॉजी आणि बायोटेक ही नावं त्यात नाहीत. म्हणून जंगलाची, वन्यजीवांची आवड असलेल्या मुलाने बायोटेक घेताना तरी रसायनशास्त्र, बॉटनी किंवा झूलॉजी जोडीला ठेवावं आणि जाहिरात निघेल तेव्हा अट नीट वाचावी. राज्याच्या वनसेवेसाठी महाराष्ट्र लोकसेवा आयोगही विषयांची यादी देतो.

औषध निरीक्षक, म्हणजे ड्रग इन्स्पेक्टर. "मायक्रो करून ड्रग इन्स्पेक्टर होता येतं" असं पुष्कळ मुलं एकमेकांना सांगतात. नियमात फार्मसीची किंवा औषधनिर्माण शास्त्राची पदवी, किंवा क्लिनिकल फार्माकॉलॉजी वा मायक्रोबायोलॉजीत विशेष शिक्षण घेतलेली वैद्यकीय पदवी मागितली आहे. म्हणजे तिथे मायक्रोबायोलॉजी डॉक्टरची हवी, बी.एस्सी.ची चालत नाही.

शिक्षक. आपल्या मुलींपैकी अनेकींना हे क्षेत्र आवडतं आणि घरच्यांनाही पटतं. शाळेत विज्ञान शिकवायला बी.एस्सी. आणि बी.एड. लागतं, शिवाय शासनाच्या पात्रता परीक्षा द्याव्या लागतात. अकरावी-बारावीला एम.एस्सी. आणि बी.एड. हवं. इथे एक बारीक अट बघा. केंद्रीय विद्यालयांत जीवशास्त्राच्या पदव्युत्तर शिक्षकासाठी बॉटनी, झूलॉजी, लाइफ सायन्सेस, जेनेटिक्स, मायक्रोबायोलॉजी, बायोटेक्नॉलॉजी अशा विषयांची एम.एस्सी. चालते. पण पदवीला बॉटनी आणि झूलॉजी शिकलेले असले पाहिजेत, असं लिहिलेलं असतं. म्हणजे ज्या मुलीने दुसऱ्या वर्षी झूलॉजी सोडून दिली, तिची अडचण पाच वर्षांनी, नोकरीचा अर्ज भरताना समोर येते. शिक्षिका व्हायचं पक्कं असेल तर बॉटनी आणि झूलॉजी ही जोडी मेजर-मायनर म्हणून ठेवणं सगळ्यात सुरक्षित.

राज्यसेवा, यूपीएससीची नागरी सेवा परीक्षा, बँक आणि एमबीए यांना कोणतीही पदवी चालते. तिकडे जायचं असेल तर ज्या विषयात गुण चांगले पडतात तो घ्या. उगीच अवघड विषयाचं ओझं घेऊ नका.

पॅथॉलॉजी लॅब आणि आखाती देश

"बी.एस्सी. कर, मग डीएमएलटी कर आणि लॅब टाक," हा सल्ला आपल्याकडे मामूंपासून शेजाऱ्यांपर्यंत सगळे देतात. सल्ला वाईट नाही, पण अर्धा आहे. तपासणी तंत्रज्ञ करू शकतो. रिपोर्टवर सही मात्र पॅथॉलॉजीत पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या नोंदणीकृत डॉक्टरचीच हवी, अशी भूमिका सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये मान्य केली. लॅब काढायची तर डॉक्टर जोडीला लागणारच, हे खर्चात धरा.

दुसरं म्हणजे, २०२१ साली केंद्राने आरोग्य क्षेत्रातल्या तंत्रज्ञांसाठी वेगळा कायदा केला. त्यात मेडिकल लॅब तंत्रज्ञांचीही नोंदणी येते. त्यामुळे एखाद्या गल्लीतल्या संस्थेचा सहा महिन्यांचा डिप्लोमा घेण्याआधी त्याला कुणाची मान्यता आहे ते लेखी विचारा.

सौदी, कतार, दुबईला जायचं असेल तर आणखी सावध राहा. हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करायला तिथल्या आरोग्य खात्याचा परवाना लागतो आणि तुमची प्रमाणपत्रं मूळ विद्यापीठाकडून पडताळून घेतली जातात. बी.एस्सी. मायक्रोबायोलॉजी आणि बी.एस्सी. मेडिकल लॅब टेक्नॉलॉजी या तिकडच्या नजरेत वेगवेगळ्या पदव्या आहेत. आखाताचा विचार पक्का असेल तर ज्या देशात जायचं आहे तिथल्या परवान्याच्या अटी आत्ताच वाचा, व्हिसाच्या वेळी नको.

संशोधनाची वाट

आता मोकळ्या दरवाजांविषयी. विद्यापीठांत शिकवायला किंवा संशोधनासाठी फेलोशिप मिळवायला सीएसआयआर-नेट परीक्षा असते. तिथे बॉटनीचा पेपर वेगळा, झूलॉजीचा वेगळा असं नसतं. सगळ्यांना एकच, लाइफ सायन्सेसचा पेपर असतो. गेट परीक्षेच्या लाइफ सायन्सेस पेपरात रसायनशास्त्र सक्तीचं असतं आणि बाकी जीवरसायनशास्त्र, वनस्पतिशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, प्राणिशास्त्र, अन्न तंत्रज्ञान यांतले दोन विभाग निवडायचे असतात. आयआयटीत एम.एस्सी.साठी जी जॅम परीक्षा होते, तिच्या बायोटेक्नॉलॉजी पेपरात जीवशास्त्राबरोबर रसायन, भौतिकशास्त्र आणि गणितही विचारतात. याशिवाय केंद्रीय विद्यापीठांसाठी सीयूईटी-पीजी आणि बायोटेकच्या एम.एस्सी.साठी गॅट-बी आहे.

यातून निघणारा सल्ला साधा आहे. मेजर कोणताही असो, केमिस्ट्री सोडू नका. मायनर म्हणून मिळत असेल तर घ्या, नसेल तर स्वतः वाचत राहा. संख्याशास्त्राचा एखादा पेपर निवडता येत असेल तर तोही घ्या. आजचं जीवशास्त्र आकडेमोडीशिवाय चालत नाही. शिक्षक व्हायचं नक्की असेल तेवढा अपवाद. त्यांनी वर सांगितलेली बॉटनी-झूलॉजीची जोडी ठेवावी.

पदवीच्या विषयात माणूस अडकून पडत नाही, याची मोठी उदाहरणं आपल्यासमोर आहेत. डॉ. ओबेद सिद्दीकी अलीगढ मुस्लिम विद्यापीठात शिकले. त्यांची सुरुवात वनस्पतींच्या अभ्यासापासून झाली. पुढे ते सूक्ष्मजीवांच्या जनुकशास्त्राकडे वळले. १९६२ साली मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत त्यांनी रेणवीय जीवशास्त्राचा विभाग उभा केला आणि नंतर फळमाशीला वास कसा कळतो यावर काम केलं. बंगळूरची राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र ही संस्थाही त्यांनीच घडवली. डॉ. सय्यद जहूर कासिम यांनीही अलीगढमध्येच प्राणिशास्त्र केलं. ते समुद्री जीवशास्त्राकडे गेले, गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे संचालक झाले आणि १९८१-८२ मधल्या भारताच्या पहिल्या अंटार्क्टिका मोहिमेचे प्रमुख होते. एकाने वनस्पतींपासून सुरुवात केली, दुसऱ्याने प्राण्यांपासून, आणि दोघांनीही वाट बदलली.

आपल्या राज्यात संशोधनाच्या संस्था हाताच्या अंतरावर आहेत. पुण्यात राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था, राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्र, आघारकर संशोधन संस्था आणि आयसर आहे. मुंबईत हाफकिन, नवी मुंबईत खारघरला टाटा स्मारकचं कॅन्सर संशोधन केंद्र, वर्सोव्याला केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था. अशा संस्थांत खुला दिवस असतो तेव्हा जाऊन बघा. भारतातल्या तीन विज्ञान अकादमी मिळून विद्यार्थ्यांना उन्हाळी संशोधन फेलोशिप देतात, तिची चौकशी कॉलेजात करा. दोन महिने खऱ्या प्रयोगशाळेत काढले की हे काम आपल्याला जमतं का, ते कळतं.

पैशाचा हिशेब

फी विचारताना फक्त दुसऱ्या वर्षाची विचारू नका. तिसऱ्या वर्षाची, प्रॅक्टिकलची, सहलीची आणि पुढच्या एम.एस्सी.ची मिळून बेरीज करा. त्याच कॉलेजात एक विषय अनुदानित आणि दुसरा विनाअनुदानित असू शकतो.

महाडीबीटी पोर्टलवर अल्पसंख्याक विद्यार्थ्यांसाठी उच्च शिक्षण विभागाची शिष्यवृत्ती आहे. उत्पन्नाच्या अटीवर राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीही आहे. दोन्हींसाठी अर्ज दरवर्षी भरावा लागतो. ज्यांच्या बिरादरीचं नाव ओबीसी यादीत आहे त्यांनी जातीचा दाखला आणि नॉन-क्रिमीलेयर वेळेत काढून ठेवावं. केंद्राच्या परीक्षांसाठी त्याचा नमुना वेगळा असतो, तो वेगळा काढावा लागतो. मौलाना आझाद राष्ट्रीय फेलोशिप पीएच.डी. करणाऱ्या अल्पसंख्याक विद्यार्थ्यांसाठी होती. ती २०२२-२३ पासून बंद झाली आहे, तिच्यावर हिशेब मांडू नका. संशोधनाचा खर्च भागवण्याची मुख्य वाट आता नेट-जेआरएफ हीच आहे. जानेवारी २०२३ पासून जेआरएफची रक्कम दरमहा ३७,००० रुपये आहे, घरभाडे भत्ता वेगळा. एम.एस्सी.नंतर ही परीक्षा निघाली तर पीएच.डी.साठी घरावर भार पडत नाही.

बारावीत बोर्डाच्या वरच्या एक टक्क्यात आलेल्यांना केंद्राची इन्स्पायर शिष्यवृत्ती मिळते. ती मूलभूत विज्ञानासाठी आहे. तिच्या यादीत जीवशास्त्र, बॉटनी, झूलॉजी, बायोकेमिस्ट्री, मायक्रोबायोलॉजी आहे, बायोटेक्नॉलॉजी नाही. ज्यांना ती चालू आहे त्यांनी विषय ठरवण्याआधी हे तपासावं.

घरात बोलायच्या गोष्टी

मुलीच्या विषयाचा निर्णय अनेकदा एका प्रश्नावर अडतो, "सहलीला पाठवायचं का?" बॉटनी आणि झूलॉजीत अभ्यास सहल असते. त्यातल्या बऱ्याच एका दिवसाच्या असतात, काही मुक्कामाच्या. सोबत कोणत्या मॅडम येतात, मुक्काम कुठे असतो, पर्याय म्हणून जवळची सहल चालते का, हे अब्बा-अम्मींनी विभागात जाऊन विचारावं. तिथले शिक्षक सगळं सांगतात. न विचारता "हा विषय नको" म्हणू नका. तिला आवडणारा विषय दोन दिवसांच्या सहलीसाठी बंद करणं बरोबर नाही.

नीट पुन्हा द्यायची असेल तर तेही आत्ताच ठरवा. नीटला आता वयाची वरची मर्यादा नाही, म्हणून काही मुलं तिसऱ्या-चौथ्या वेळेलाही बसतात. एका वर्षासाठी ठरवून बसणं वेगळं, आणि दोन्ही दगडांवर पाय ठेवून दोन्हीकडचे गुण घालवणं वेगळं. मुलाला स्पष्ट विचारा आणि त्याचं उत्तर ऐकून घ्या.

उर्दू किंवा मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना पहिल्या वर्षी इंग्रजी शब्दांनी घाम फुटतो. त्या वर्षी गुण कमी पडले म्हणून विषय अवघड आहे असं ठरवू नका. गुणपत्रिकेत थिअरी आणि प्रॅक्टिकल वेगळे बघा. प्रॅक्टिकलला हात चांगला चालत असेल आणि थिअरी मागे असेल, तर अडचण बहुतेक वेळा भाषेची असते. ती दुसऱ्या वर्षात भरून निघते.

फॉर्म भरण्याआधी

पुढची कामं दोन-तीन दिवसांत होतात.

पहिलं, पुढे करावीशी वाटणारी दोन कामं कागदावर लिहा आणि त्या पदांच्या मागच्या जाहिराती डाउनलोड करून पात्रतेची ओळ वाचा. कुणी सांगितलं म्हणून नाही, स्वतः वाचा.

दुसरं, ज्या विषयाचा विचार आहे त्याचा दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षाचा अभ्यासक्रम विद्यापीठाच्या संकेतस्थळावरून काढा. नुसती प्रकरणांची नावं वाचली तरी आवड-नावड कळते.

तिसरं, त्या विभागातल्या तिसऱ्या वर्षाच्या दोन मुलांना भेटा. प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शक किती चालतात, शिक्षक कायम आहेत की तासिकेवर, मागच्या वर्षी पास झालेली मुलं कुठे गेली, हे विचारा. कागदावर चांगला दिसणारा विषय कॉलेजात शिकवायला माणूस नसेल तर कुचकामी ठरतो.

चौथं, मेजर आणि मायनर अशी जोडी म्हणून विचार करा. शिक्षक व्हायचं तर बॉटनी-झूलॉजी. कारखाना किंवा अन्न तपासणी हवी तर मायक्रोबायोलॉजी किंवा बायोकेमिस्ट्री, जोडीला केमिस्ट्री. वनसेवा हवी तर बॉटनी किंवा झूलॉजी. संशोधन हवं तर आवडता विषय आणि केमिस्ट्री.

पाचवं, फॉर्म दिल्यावर विषय बदलायची मुदत असते का ते विचारून ठेवा आणि भरलेल्या फॉर्मची झेरॉक्स घरी ठेवा.

हे सगळं करून एखादं मूल म्हणालं की मला झूलॉजीच आवडते, आणि मामू म्हणाले की बायोटेकला मान आहे, तर मुलाचं ऐका. अट एकच, पात्रतेची ओळ त्याने वाचलेली असावी.